‘फिट’ नावाचा रकाना



आयटीत नोकरी कशी मिळते यावर बोला, असं मला सांगितलं होतं. मी उलट बाजूनं बोलणार आहे. नोकरी कशी दिली जाते? पुण्यातल्या एका झपाट्यानं वाढलेल्या सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये मी काम करतो आणि गेली चार वर्षं प्लॅटफॉर्म इंजिनिअरच्या मुलाखती घेतो. त्या खुर्चीवरून जे दिसलं ते सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे.

आधी हे काम काय ते सांगतो. कंपनी लहान असते तेव्हा प्रत्येक टीम आपला कोड आपापल्या पद्धतीनं सर्व्हरवर चढवते. पंधरा-वीस टीम झाल्या की हा कारभार अंगावर येतो. एकीच्या बदलानं दुसरीचं काम बंद पडतं आणि रात्री बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा हेच कळत नाही. तेव्हा प्लॅटफॉर्म टीम लागते. कोड तपासून सर्व्हरवर नेण्याची एकच वाट, सगळे लॉग एका जागी, चुकलं तर मागे फिरायची सोय, हे ती उभं करते. तिचे ग्राहक म्हणजे कंपनीतलेच बाकीचे इंजिनिअर. गावच्या नळपाणी योजनेसारखं आहे हे. पाणी येतंय तोवर कुणी आठवण काढत नाही.

हे काम कॉलेजात फारसं शिकवत नाहीत, त्यामुळे माणसं मिळत नाहीत. घाई झाली की कंपनी ओळखीत शोधते. टीमला सांगते, तुमचे मित्र आणा, बक्षीस देऊ. मित्र कोण असतात? त्याच कॉलेजचे, त्याच होस्टेलचे, त्याच सोसायटीतले. यात कुणाच्या मनात वाईट असतंच असं नाही. पण ज्या मोहल्ल्यातून त्या ऑफिसात आजवर कुणीच गेलं नाही, तिथल्या मुलीचं नाव कोण सुचवणार?

आणि अर्ज थेट पाठवला तर? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याचा निष्कर्ष आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश.

आता माझी चूक. एक मुलगा मुलाखतीला आला होता. आधी डिप्लोमा, मग जिल्ह्याच्या ठिकाणी इंजिनिअरिंग, आणि एका हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळण्याचा अनुभव. मी विचारलं, “डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल डिलीट केली, तरी डिस्क भरलेलीच दिसते. का?” तो लगेच म्हणाला, “सर, एखाद्या प्रोसेसनं ती फाइल अजून उघडी धरली असेल. ती सोडेपर्यंत जागा मोकळी होणार नाही.” हे पुस्तकातलं उत्तर नव्हतं. त्यानं ते भोगलेलं होतं.

नंतरच्या बैठकीत एक सहकारी म्हणाला, “टेक्निकली ठीक आहे, पण टीममध्ये फिट होईल असं वाटत नाही.” बाकीच्यांनी मान डोलावली. त्या मुलाचं नाव आपल्यातलं होतं आणि खोलीत मी एकटाच मुसलमान. मी बोललो तर म्हणतील, आपला म्हणून ओढतोय. म्हणून मी गप्प बसलो. मुलगा गेला.

ते बरेच दिवस सलत राहिलं. मग मी मॅनेजरकडे गेलो. त्या मुलाबद्दल मी काही बोललो नाही, कारण वेळ गेली होती. मी पद्धत बदलायला सांगितली. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न. चर्चेआधी प्रत्येकानं आपले गुण आणि कारण लिहून द्यायचं. बिघाड शोधणं, कोड, लिहून सांगणं, दुसऱ्या टीमचं ऐकून घेणं, असे रकाने. ‘फिट’ नावाचा रकाना नाही. “वाटत नाही” म्हणणाऱ्यानं उमेदवाराचं कोणतं उत्तर ऐकून तसं वाटलं, ते लिहायचं.

त्यानंतर आलेले सगळे मुस्लिम नव्हते. एक ताई मुलं लहान म्हणून पाच वर्षं घरी होत्या, त्या आल्या. सोलापूरकडचा, इंग्रजीत अडखळणारा एक मुलगा आला. एक आपल्यातली मुलगीही आली, आणि तिच्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

घरून फोन येतात. मामू म्हणतात, “बेटा, आपल्या पोराला लाव की कुठं.” मी त्याला शिकवतो, त्याचा बायोडेटा दुरुस्त करतो, सराव मुलाखत घेतो. वशिला लावत नाही. वशिल्याच्या बाजारात आपली पत सगळ्यात कमी आहे. तो बाजार चालू राहण्यात आपलाच तोटा आहे.

तुम्ही काय कराल? जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. लिनक्स फुकट आहे, आणि गूगलनं २०१४ साली खुलं केलेलं कुबरनेटीसही फुकट आहे. काहीतरी चालवा, मोडा, दुरुस्त करा. बायोडेटात “कुबरनेटीस येतं” एवढंच लिहू नका. काय बिघडलं, कसं शोधलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, या चार ओळी लिहा. मुलाखतीत माहीत नसेल तर “माहीत नाही, पण आधी हे तपासून बघेन” म्हणा. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो तेव्हा अंदाज ठोकणाऱ्यापेक्षा असा माणूस उपयोगी पडतो.

आणि एक दिवस तुम्ही त्या खोलीत, टेबलाच्या या बाजूला बसाल. समोरचा कुणीही असो, आपल्यातला असो वा नसो, “फिट वाटत नाही” असं कुणी म्हणालं, तर कारण विचारा. मी विचारलं नव्हतं.