त्वचेतील प्रथिने आणि रोवणीचे दिवस
(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालय व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि बिलांवर सह्या करताना एक गोष्ट दरवर्षी ध्यानी येते. आपला गोंदिया जिल्हा धानाचा. रोवणी सुरू झाली की काही दिवसांतच बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आणि टाचांना भेगा घेऊन भगिनी बाह्यरुग्ण विभागात येऊ लागतात. अनेकजणी तर येतच नाहीत. ‘रोवणा झाला का बरं होते,’ असे त्यांचे म्हणणे.

आमच्या डॉक्टरांनी मला समजाविले ते असे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर केराटिन या चिवट प्रथिनाचा असतो. नखे व केसही त्याचेच. दिवसभर चिखलात राहिल्याने तो फुगून मऊ पडतो, आणि चिखल्यांची बुरशी तर केराटिनवरच जगते. हाच थर कोरडा पडला की तडकतो. टाचांना मोहाच्या बियांचे तेल लावण्याची आपल्या आजीची रीत म्हणूनच निरर्थक नव्हती. तेलाने आतील ओलावा टिकतो.

त्याखालच्या थराला बळकटी देते ते कोलॅजेन. दोराप्रमाणे तीन पेड पिळून ते बनते. ही रचना १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी उलगडली, याचा मला भारतीय म्हणून अभिमान वाटतो. जखम भरताना हेच कोलॅजेन नव्याने विणले जाते व त्यासाठी आहारात प्रथिने आणि ‘क’ जीवनसत्त्व लागते. ताटात भात भरपूर आणि वरण पातळ असेल तर ते कोठून यावे?

मधुमेहात प्रश्न अधिक बिकट होतो. रक्तातील वाढलेली साखर कोलॅजेनला चिकटून ते ताठर करते, आणि पाय बधिर झाल्याने काटा रुतलेला कळत नाही. अशाच एका मातेच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. न्यासाने त्यांचे बिल माफ केले, त्याची नोंद हिशेबात आहे. बोटांची नोंद कोणत्या खात्यात करावी, हे मला आजही उमगलेले नाही.

एका देणगीदारांनी कोलॅजेनयुक्त मलम वाटण्याची इच्छा व्यक्त केली होती. कोलॅजेनचे मोठे रेणू अखंड त्वचेतून आत उतरत नाहीत, हे आम्ही नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी मोठ्या मनाने ती रक्कम बुरशीनाशक मलम, साखरेची तपासणी आणि आंतररुग्णांच्या जेवणातील अंडी व डाळ यांकडे वळविण्यास संमती दिली.

यंदा मृग लागण्यापूर्वी ही तपासणी गावोगावी होईल. तोवर आप्तजनांना एवढीच विनंती, की शेतातून परतल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात आणि घरातील मधुमेही व्यक्तीचे तळवे रोज दुसऱ्या कोणीतरी पाहावेत.