नव्या मोटारीचे पहिले तेल



नवी मोटार घरी येते, तिला हार घातला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, आणि पुढच्या महिनाभरात तिच्या मालकाला परस्परविरुद्ध असे दोन सल्ले ऐकावे लागतात. गॅरेजमधला जुना मिस्त्री सांगतो की हजार किलोमीटर झाले की ऑइल काढून टाका; शोरूममधला सल्लागार माहितीपुस्तिकेवर बोट ठेवून सांगतो की दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे अगोदर पुरे होईल तोवर तेलाला हात लावण्याचे कारण नाही. दोघेही प्रामाणिक असतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते किती, याचा निवाडा करायचा तर पहिल्या दीडदोन हजार किलोमीटरांत इंजिनाच्या पोटात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनाच्या सिलिंडरची आतली भिंत वरवर गुळगुळीत भासली, तरी होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेषांचे जाळे हेतुपुरस्सर कोरलेले असते. या रेषांच्या खाचांत तेल टिकून राहते, आणि त्यांच्यामधले उंचवटे पिस्टनच्या रिंगांशी घासून झिजत झिजत रिंग आणि भिंत यांचा नेमका मेळ बसवतात. जात्याला टाकी लावल्यावर पहिल्या दळणात जशी कच येते आणि जाणती गृहिणी ते पीठ बाजूला काढते, तशीच ही प्रारंभीची झीज आहे. ती दोषास्पद नाही, किंबहुना ती झाल्यावाचून इंजिन कामाला लागतच नाही. मात्र झिजलेला कण कोठेतरी जाणारच, आणि तो जातो तेलात. त्याच्या सोबतीला कापकामात मागे राहिलेला थोडा बारीक कीस असतो, जोडणीच्या वेळी लावलेल्या सीलंटचे अंश असतात. ऑइल फिल्टर यांतले मोठे कण अडवतो, पण सामान्य फिल्टरच्या कागदातून काही मायक्रॉन आकाराचे कण निसटून जातात. आणि बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या विसाव्या ते चाळिसाव्या भागाइतकीच असल्यामुळे व तिथला तेलाचा थर चालत्या इंजिनात त्याहूनही पातळ होत असल्यामुळे, नेमके हेच सूक्ष्म कण उपद्रव करण्याच्या मापाचे असतात.

पहिले तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात धरावे. पुष्कळदा त्यात अभ्रकाच्या भुकटीसारखी चकाकी तरंगताना दिसते. ती पाहून मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या तेलात ती चकाकी बहुधा नाहीशी झालेली असते, हे जाणून असावे.

ॲम्बॅसेडर आणि प्रीमियरच्या काळात पहिल्या काहीशे मैलांतच तेल बदलण्याचा शिरस्ता होता, आणि त्या काळच्या यंत्रकामाला तो उचितच होता. तेव्हापासून कापकामाची अचूकता पुष्कळ वाढली, तेलेही सुधारली, म्हणून आजचा निर्माता मुदत लांबवतो, यात ग्राहकाची फसवणूक नाही. काही निर्माते तर कारखान्यात भरलेल्या तेलात झीज आवरणारी विशेष द्रव्ये असल्याचे सांगून ते मुदतीपूर्वी काढू नये अशी स्पष्ट ताकीद देतात. तेथे त्यांचाच हुकूम मानावा. जेथे अशी ताकीद नाही, तेथे माझा सल्ला असा की पंधराशे ते दोन हजार किलोमीटरांच्या दरम्यान एकदाच, फिल्टरसह तेल बदलावे. दोनशे-पाचशे किलोमीटरांवर घाई करू नये, कारण तोवर रिंगांचे बसणेच पुरे झालेले नसते. नवे तेल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच असावे. पुस्तिका झीरो डब्ल्यू ट्वेंटी म्हणत असता जाड तेल अधिक रक्षण करील या समजुतीने दुसरे भरू नये. काम अधिकृत वर्कशॉपमध्ये करून पावती दप्तरी ठेवावी, म्हणजे हमीच्या बाबतीत पुढे हुज्जत पडत नाही. तीनचार लिटर तेल आणि एक फिल्टर एवढाच हा खर्च, आणि तो मी योग्य समजतो. पण या एका बदलाने इंजिनाचे आयुष्य दुप्पट होते असे कोणी सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तेलाइतकेच महत्त्व या काळातल्या चालवण्याला आहे. रिंग भिंतीला चिकटून बसते ती तिच्या पाठीमागे येणाऱ्या वायूच्या दाबाने; तेव्हा इंजिन अगदीच जपून चालवणे किंवा तासन्‌तास जागच्या जागी सुरू ठेवणे हेही अपायकारक ठरते. वेग बदलता असावा, वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवू नये, आणि नवी गाडी घेतल्याबरोबर पाच माणसे व सामान भरून घाट चढण्याची घाई करू नये.

आता तेलाच्या परीक्षणाविषयी. ही विद्या रेल्वेने वाढवली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वेच्या प्रयोगशाळेने 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलातील धातू मोजून होऊ घातलेला बिघाड आधी ओळखण्याची पद्धत रूढ केली, आणि आपल्याकडेही रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांच्या तेलाचे नमुने याच हेतूने नियमित तपासले जातात. एका प्रचलित पद्धतीत ग्राफाइटची लहानशी चकती तेलात फिरवतात व तिच्यावर विजेची ठिणगी पाडतात. त्या ठिणगीत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते, आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून दहा लाख भागांत ते किती भाग आहे हे कळते. लोखंड सिलिंडर, क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांकडे बोट दाखवते, ॲल्युमिनियम पिस्टनकडे, तांबे व शिसे बेअरिंगकडे; सोडियम किंवा पोटॅशियम अनपेक्षितपणे चढले तर कूलंट तेलात झिरपत असल्याचा संशय घ्यावा. याखेरीज तेलाचा दाटपणा मोजला जातो, आणि त्यात पेट्रोल किती मिसळले तेही. शहरात इंजिन गरम होण्यापूर्वीच प्रवास संपणाऱ्या गाड्यांत हे मिसळणे विशेष आढळते.

सर्वांत अधिक घोटाळा सिलिकॉनच्या आकड्यावरून होतो. खडीच्या किंवा मातीच्या रस्त्यावरची धूळ फाटक्या अथवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून आत गेली की तेलात सिलिकॉन वाढते. आणि ही धूळ कानसेसारखी घासत असल्यामुळे त्याच्याबरोबर लोखंड आणि ॲल्युमिनियमही चढते. परंतु नव्या इंजिनात सीलंटमधूनही सिलिकॉन तेलात उतरते, आणि तेथे हा आकडा शंभरापलीकडे गेला तरी नवल नसते. तेव्हा एकटे सिलिकॉन चढलेले असून पुढच्या प्रत्येक नमुन्यात ते उतरत असेल, तर निर्धास्त राहावे. पण दुसऱ्यातिसऱ्या तेलातही ते खाली येत नसेल आणि लोखंडही त्याच्यासोबत चढत असेल, तर आधी एअर फिल्टरची पेटी आणि तिच्यापासून इंजिनाकडे जाणारी नळी तपासून घ्यावी.

या परीक्षणाला मर्यादा आहेत, त्याही लक्षात असाव्यात. ठिणगीच्या या पद्धतीला साधारणतः पाचदहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. आणि बेअरिंगचा कपचा निघू लागला तर त्याचे तुकडे नेमके मोठे असतात. म्हणून काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहणे, ड्रेन प्लगवर लोहचुंबक असल्यास त्यावर काय चिकटले आहे ते पाहणे, ही जुन्या मिस्त्रीची रीत प्रयोगशाळेच्या काळातही टाकाऊ ठरलेली नाही.

नमुना घेताना इंजिन गरम असावे, म्हणजे कण तळाशी न बसता तेलात मिसळलेले राहतात. प्लग उघडल्यावर पहिली धार जाऊ द्यावी, मधल्या धारेखाली कोरडी, स्वच्छ बाटली धरावी, शेवटचा गाळ घेऊ नये. न वापरलेल्या तेलाचाही नमुना सोबत पाठवावा, कारण तेलात मुळातच कोणती द्रव्ये होती हे ठाऊक असल्याखेरीज वाढ कशात झाली ते सांगता येत नाही. बाटलीवर तेलाचे नाव, गाडीचे एकूण किलोमीटर, त्या तेलावर झालेले किलोमीटर आणि मध्ये भर घातली असल्यास तिचे माप लिहावे. हा तपशील नसेल तर अहवालातले आकडे निरर्थक होतात.

पहिल्या तेलाच्या अहवालात धातू अधिक निघणारच, तेव्हा केवळ त्याच्या जोरावर इंजिन उघडण्याचा किंवा विक्रेत्याशी तंटा करण्याचा विचार, माझी विनंती आहे, कोणी करू नये. तो अहवाल गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावा, पुढच्या तेलबदलाच्या वेळी त्याच प्रयोगशाळेकडे दुसरा नमुना पाठवावा, आणि काय करायचे ते दोन्ही अहवाल शेजारी ठेवून ठरवावे.