नकाशाखालची उतरंड

नेदरलँड्समध्ये म्यूज नदीच्या पूरमैदानात, स्टाइन गावाजवळ, 155 ठिकाणची माती घेऊन तिच्यात जस्त, शिसे, कॅडमियम किती आहे हे मोजलेले आहे. जगभरचे विद्यार्थी याच आकड्यांवर हात बसवतात. प्रश्न असा, की जिथली माती घेतलीच नाही तिथे जस्त किती असेल?

मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचा अंदाज करणे म्हणजे अंतर्वेशन, रोजच्या बोलण्यात इंटरपोलेशन. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंते डॅनी क्रिग यांनी 1951 मध्ये सोन्याच्या खाणींसाठी असा अंदाज मांडला. फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी त्याला गणिताची पक्की बैठक दिली आणि पद्धतीला नाव पडले क्रिगिंग. अंतर वाढत जाते तसे दोन जागांमधले साम्य किती लवकर विरते, हे ती आकड्यांतूनच शिकते. अंदाज कुठे कच्चा आहे तेही सांगते. मला तिचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

आर या प्रोग्रामिंग भाषेत हे काम जीस्टॅट नावाचे पॅकेज करते. ते फुकट मिळते, त्याची आज्ञावली कुणालाही वाचता येते. पण ते एकटे उभे नाही. घरातली मडक्यांची उतरंड आठवा. जीस्टॅट एसपी या पॅकेजवर बसलेले, एसपी अक्षांश-रेखांशांच्या कामासाठी आरजीडॅलवर टेकलेले, आणि आरजीडॅलच्या खाली जीडॅल आणि प्रोज, अशी ती 2023 पर्यंत होती. जीडॅल नकाशांच्या फायली वाचते. प्रोज गोल पृथ्वीवरचा बिंदू सपाट कागदावर आणते. या टेकण्यालाच डिपेन्डन्सी म्हणतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये यातले मधले मडके काढून घेतले गेले. आरजीडॅल आणि त्याची दोन भावंडे नॉर्वेतल्या बर्गनचे प्राध्यापक रॉजर बिवंड वर्षानुवर्षे सांभाळत होते. ते निवृत्त झाले, आणि पॅकेजेही निवृत्त करायची ठरली. पण उतरंड कोसळली नाही. 2021 पासूनच वापरणाऱ्यांना पडद्यावर सूचना दिसत होती, आणि 2023 मध्येच एसपीची नवी आवृत्ती एसएफ या नव्या पॅकेजवर बसवली गेली. ज्यांनी ती सूचना वाचली नाही, त्यांची जुनी गणिते मात्र आर नव्याने बसवताच चालेनाशी झाली.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. जून 2024 मध्ये पायथॉन या दुसऱ्या भाषेतले नमपाय हे आकडेमोडीचे पॅकेज दोन या आवृत्तीवर गेले. जुन्या नमपायवर घडवलेली कितीतरी पॅकेजे त्याच्याशी जुळेनात. एकाला जुने हवे, दुसऱ्याला नवे. दोघांनाही चालेल अशी आवृत्ती शोधणे म्हणजे डिपेन्डन्सी सोडवणे. कोंडा, पिप ही साधने तेच करतात. यात क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरणारे एका जागी हमखास अडकतात. विंडोजवर क्यूजीआयएसचे पायथॉन स्वतंत्र असते. साध्या कमांड खिडकीतून क्रिगिंगचे पायक्रिग हे पॅकेज टाकले तर ते भलत्याच पायथॉनमध्ये जाऊन बसते, आणि प्लगइन म्हणत राहते, सापडत नाही. क्यूजीआयएससोबत आलेले ओएसजिओफोरडब्ल्यू शेल उघडून तिथून टाका.

हे चुकले की निदान संगणक बोंब मारतो. मला खरी भीती वाटते ती मुकाट चुकीची. आपल्याकडच्या सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या संदर्भावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर. 2019 मध्ये प्रोज सहा आले आणि या संदर्भांचे वर्णन लिहायची रीत बदलली. जुन्या रीतीने लिहिलेले वर्णन नव्या आवृत्तीला दिले तर हा संदर्भ गळून पडू शकतो. मग आपण मोजलेली विहीर नकाशावर कित्येक मीटर सरकते. नकाशा रंगीत, देखणा दिसतो आणि खोटा असतो.

म्हणून प्रत्येक कामाला वेगळे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांचा स्वतंत्र संच, करा आणि कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती वापरली ते फायलीत लिहून नकाशासोबत ठेवा. सगळे बसवून झाले की लगेच आपले आकडे ओतू नका. आधी म्यूजच्या 155 जागा चालवून पाहा. नदीच्या काठाला जस्त जास्त आणि आत जाताना कमी, असे चित्र उमटले पाहिजे. ते उमटले, की मग आपल्या विहिरी घ्या.