ताटात काय पडते, ते चुलीपाशी ठरते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेची खिचडी हा आपल्याकडे बहुधा चेष्टेचा नाहीतर तक्रारीचा विषय असतो. खिचडीत अळी निघाली, तांदूळ कमी भरला, मुलांना उलट्या झाल्या, की बातमी येते. एरवी ती खिचडी कोण शिजवते आणि कशी, याची फारशी विचारपूस होत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करताना हे काम मी रोज जवळून पाहिले. त्यातून माझे एक मत झाले आहे. शालेय पोषण आहार सुधारायचा असेल, तर पाककृतींच्या यादीआधी शिजवणाऱ्या बाईंकडे पाहायला हवे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने ही योजना सुरू केली, तेव्हा आपल्याकडे शाळेत अन्न शिजत नव्हते. हजेरी पुरेशी भरली, की महिन्याला तीन किलो तांदूळ मुलाच्या घरी जात असे. घरातली पाच-सहा माणसे तो खात. मुलाच्या वाट्याला त्यातला कितीसा येणार? २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलेच अन्न द्या. मग शाळाशाळांत चूल पेटली. २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले, पण गावात अजून तिला खिचडीच म्हणतात.

आता थोडा हिशेब करू. पहिली ते पाचवीच्या एका मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, ही अपेक्षा. यातले साडेतीनशेच्या आसपास उष्मांक एकट्या तांदळातून येतात. म्हणजे भाजी पडली नाही, वरण पातळ झाले, तरी मुलाचे पोट भरते. ते तक्रार करत नाही. रजिस्टरात ‘लाभार्थी ६०’ अशी नोंद होते आणि दिवस संपतो. पण प्रथिनांचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग डाळीतून यायचा असतो, आणि जीवनसत्त्वांसाठी भाजीच लागते. देशभरात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला रक्तक्षय आढळला. भरल्या पोटाआड अशी उणीव लपून राहते.

६० मुलांची शाळा घ्या. सहा किलो तांदूळ, एक किलो दोनशे ग्रॅम डाळ, तीन किलो भाजी. हे निवडायचे, धुवायचे, चिरायचे, शिजवायचे, वाढायचे आणि मागची भांडी घासायची. नियमाप्रमाणे त्यासाठी दोन बाया. पाणी लांबून आणायचे असेल तर आधी हंडे. उशीर होऊ लागला की पहिली काट भाजीवर येते, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. या कामाचे मानधन २००९ मध्ये केंद्राने महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. महाराष्ट्रासह काही राज्यांनी त्यात आपली भर घातली. तरी ते मानधनच राहिले, पगार झाला नाही.

याच बायांना विचारले तर पुष्कळ सुधारणा फुकटात होतात. एका शाळेत वेळापत्रकात सोमवारी मोडाच्या मटकीची उसळ होती. मटकी रात्रभर भिजवावी लागते, मग फडक्यात बांधून ठेवावी लागते. सोमवारच्या उसळीसाठी हे सगळे रविवारी व्हायला हवे, आणि रविवारी शाळेला कुलूप. तिथल्या मावशींनी मला सांगितले, “गुरुजी, उसळ बुधवारी लावा. सोमवारी भिजत घालते, मंगळवारी बांधते.” वार बदलला आणि मुलांना खरोखर मोड आलेली मटकी मिळू लागली. मोड आल्याने कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले.

पोषणमूल्ये घातलेल्या तांदळाचेही तसेच. त्यातले काही दाणे निराळे दिसतात. हा प्लॅस्टिकचा तांदूळ, अशी अफवा अनेक गावांत पसरली. कुणी समजावून सांगितले नाही, तर निगुतीने तांदूळ निवडणारी बाई नेमके तेच दाणे वेचून टाकेल.

आणि एक गोष्ट जिवावरची आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलात कीटकनाशक मिसळलेले होते. तेल वेगळे वाटते, ही शंका स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी बोलून दाखवली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखावे, असा नियम आहे आणि तो हवाच. पण त्याच्याही आधी तो जिन्नस हाताळणारी बाई असते. “हे मी कढईत घालणार नाही,” असे म्हणण्याची मुभा तिला असली पाहिजे, आणि तिचे ऐकणारे कुणी असले पाहिजे.

श्रोतेहो, तुमची मुले अशा शाळेत असतील, तर एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तासभर जाऊन या. कोणत्या दिवशी ताटात जास्त उरते, ते मुलांना विचारा. काय कमी पडते, ते मावशींना विचारा. पाणी, गॅस, मोठी विळी, परसबागेतला शेवगा, असे काहीतरी त्या सांगतील. तेवढे शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मांडा.