विखुरलेल्या तबकड्यांचं गणित

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावाहून खोडदकडे वळलं, की शेतांपलीकडे आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही आपली जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा तबकड्या ३०. पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की एवढी मोठी दुर्बीण उभारली, मग तबकड्या नीट रांगेत, सारख्या अंतरावर का नाही लावल्या?

श्रोतेहो, त्यासाठी एक साधा खेळ करून पाहा. जमिनीवर एकेका पावलावर चार खुंट्या ठोका. त्यांच्या जोड्या होतात सहा. पण एक पावलाचं अंतर तीनदा येतं, दोन पावलांचं दोनदा आणि तीन पावलांचं एकदा. म्हणजे वेगवेगळी अंतरं मिळाली तीनच. आता पहिली खुंटी तशीच ठेवून उरलेल्या तीन तिच्यापासून एक, चार आणि सहा पावलांवर ठोका. एकपासून सहापर्यंतचं प्रत्येक अंतर बरोबर एकेकदा मिळेल. खुंट्या तेवढ्याच, अंतरं दुप्पट!

रेडिओ दुर्बिणीत तबकड्यांची प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्रातला एक अंश टिपते. जवळची जोडी ढोबळ आकार सांगते, तर लांबची बारकावे. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. तीच तीच अंतरं पुन्हा आली, तर चित्रात नवी भर पडत नाही. म्हणून खोडदला १४ तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटरात विखुरल्या आहेत आणि १६ तबकड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर नेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. शिवाय पृथ्वी फिरते तशी ताऱ्याकडून दिसणारी ही मांडणीही बदलत जाते आणि उरलेल्या फटी भरत जातात.

सारख्या अंतरांत आणखी एक धोका असतो. खऱ्या दिशेप्रमाणेच इतर काही दिशांकडून येणाऱ्या लहरीही तंतोतंत जुळतात आणि दुर्बीण फसते. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण उभारली, ती अशाच सारख्या अंतरांची होती. पण ती सूर्यासाठी होती. सूर्य एकटाच इतका प्रखर, की बाकीच्या दिशांची अडचण झाली नाही. अंधूक दीर्घिका शोधायच्या, तर ही पद्धत चालणार नव्हती. पुढे खोडदची दुर्बीणही स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली.

असमान अंतरांनी खोटी प्रतिबिंबं पुरती नाहीशी होत नाहीत. ती फुटून, फिकट होऊन चित्रभर पसरतात आणि संगणकानं बरीच आकडेमोड करून पुसावी लागतात. पण हा खर्च परवडतो. नवी तबकडी उभारायची, तर पोलाद, जमीन आणि पैसा लागतो. आहेत त्या तबकड्या कुठे उभ्या करायच्या, हे मात्र आधी कागदावरच ठरवता येतं.