ओठावरचा फोड आणि ऊन

उन्हाळी कांद्याची काढणी सुरू झाली, की दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी ओठाच्या कडेला चुरचुरतं आणि बारीक, पाण्याने भरलेले फोड येतात. आपण म्हणतो, अंगातली उष्णता बाहेर पडली. कारण मात्र वेगळं आहे.

हे फोड बहुतेक वेळा हर्पिस नावाच्या विषाणूचे असतात. बऱ्याचजणींच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो. आपल्या कातडीत राखणदार पेशी असतात. लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ साली त्यांचं वर्णन केलं. जंतू आला, की त्या शरीराला खबर देतात. पण उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा मारा जास्त झाला, की त्या जागी या पेशी कमी होतात. राखण ढिली पडते आणि झोपलेला विषाणू डोकं वर काढतो.

ऊन काही वैरी नाही, हाडांना ते लागतंच. पण आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, तेव्हा ऊन कडक असतं. त्या वेळी पदर कपाळापुढे ओढा, शक्य तितकं काम सावलीत करा.

फोड आलाच, तर त्याला चुना लावू नका. हात लागला तर साबणाने धुवा. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर फोड पूर्ण बरा होईपर्यंत त्याचा पापा घेऊ नका. आपल्याला चार दिवसांचा त्रास, पण नवजात बाळाच्या तो जिवावर बेतू शकतो.