मुलींच्या शिबिराला जागा देता का?



शाळेत गाईडचं पथक चालवणाऱ्या एखाद्या बाईंना विचारून बघा, शिबिरातलं सगळ्यांत अवघड काम कोणतं? तंबू ठोकणं नाही, मुलींकडून चुलीवर भात शिजवून घेणं नाही, गाठी शिकवणं तर नाहीच. अवघड असतं ते आयांची खात्री पटवणं. सूचनेचा कागद घरी गेला की दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आया हजर. ‘बाई, तिथं संडास आहेत ना? दाराला आतून कडी आहे का? रात्री दिवा असतो? तुम्ही स्वतः तिथंच झोपणार ना?’ आणि एक प्रश्न मुलगी लांब गेल्यावर, आवाज खाली आणून: ‘पाळी आली तर काय सोय?’

ह्या प्रश्नांना कुणी हसू नये. स्काऊटचं पथक वेळ पडली तर देवळाच्या ओवरीत रात्र काढतं आणि सकाळी ओढ्यावर आंघोळ उरकतं. गाईडच्या पथकाला आधी जागा बघावी लागते, मग तारीख. मुली धीट असतात हो. पण परवानगी मिळते ती जागेला. म्हणून मला नेहमी वाटतं, मुलींच्या ह्या चळवळीची गोष्ट सांगायची तर तिनं जागा कशा मिळवल्या, इथूनच सांगावी.

1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलांचा मोठा मेळावा भरला. तिथं काही मुली आपण होऊन आल्या आणि आम्हीही स्काऊटच आहोत, म्हणाल्या. पुढच्याच वर्षी स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या बहिणीच्या, अ‍ॅग्नेस यांच्या पुढाकारानं गर्ल गाईड्सची वेगळी संघटना उभी राहिली. 1911 मध्ये जबलपूरला हिंदुस्थानातली पहिली कंपनी सुरू झाली. पथकं वाढली, तशी हक्काच्या आवाराची गरज भासू लागली. 1922 मध्ये इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमधलं फॉक्सलीज नावाचं घर गाईडना भेट मिळालं. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ एडिथ मेसी यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पतीनं शिबिराची जागा दिली. 1926 ची गाईडची जागतिक परिषद तिथंच भरली, आणि जगभरच्या गाईडनी 22 फेब्रुवारीला चिंतन दिन पाळायचं ठरलं तेही तिथंच. 1932 मध्ये स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेन गावी पहिलं जागतिक केंद्र उघडलं. त्याचा खर्च बॉस्टनच्या हेलन स्टॉरो नावाच्या बाईंनी उचलला होता. 1957 मध्ये मेक्सिकोत कुएर्नाव्हाका इथं आणखी एक केंद्र झालं.

आणि मग आपलं पुणं. 16 ऑक्टोबर 1966 रोजी बेडन-पॉवेल यांच्या पत्नी लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते पुण्यात ‘संगम’ हे जागतिक केंद्र सुरू झालं. आळंदी रस्त्याच्या बाजूला आजही ते आहे. रोज त्या वाटेनं जाणाऱ्या कित्येक पुणेकरांना आत काय आहे ते ठाऊक नसतं, हे मात्र खास पुणेरी! राहायच्या खोल्या, बैठकीचे हॉल, पोहण्याचा तलाव, झाडी. आणि ह्या साऱ्यात देशोदेशींच्या मुली. त्या नुसत्या पाहुण्या म्हणून राहत नाहीत. काही जणी शहरातल्या सामाजिक संस्थांमध्ये काम करायला जातात, आपल्या रिक्षांतून हिंडतात, आपलं तिखट सोसतात. जगभरातल्या मुलींच्या संघटनेला आशियात घर बांधावंसं वाटलं आणि ते महाराष्ट्रात झालं, ह्याचं अप्रूप आपल्याला असायला हवं, तेवढं नाही.

संगमची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथल्या खोल्या आणि हॉल इतर संस्थांनाही बैठकांसाठी, प्रशिक्षणासाठी मिळतात. त्यातून चार पैसे येतात. कुणी म्हणेल, गाईडच्या वास्तूचं भाडं कशाला घ्यायचं? तर त्याचं उत्तर इंग्लंडमध्ये मिळतं. ज्या फॉक्सलीजचं नाव मी मघाशी घेतलं, ते 2023 मध्ये तिथल्या संघटनेनं बंद करून विकायचं ठरवलं. ते एकटंच नव्हे, त्याच्यासोबत आणखी चार केंद्रं. चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च पेलवेना. जुन्या गाईड रस्त्यावर उतरल्यासारख्या ह्या निर्णयाविरुद्ध उभ्या राहिल्या, पण निर्णय फिरला नाही. शंभर वर्षं मुली जिथं शेकोटीभोवती गायल्या, ती जागा शेवटी बिलांपुढे हरली. इमारत बांधायला देणगीदार भेटतो, कारण दारावर पाटी लागते. गळक्या नळाच्या दुरुस्तीला पाटी नसते.

आपल्याकडे तर बहुतेक तालुक्यांत विकायलाही काही नाही. मुंबईत शिवाजी पार्कला स्काऊट-गाईडचं पॅव्हेलियन आहे, मध्य प्रदेशात पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पण आठवीतल्या मुलीला तृतीय सोपान ह्या गाईडच्या परीक्षेच्या शिबिराला जायचं असतं ते पचमढीला नव्हे, आपल्या गावापासून एस.टी.नं तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी. ‘खरी कमाई’तून, म्हणजे स्वतः काम करून, मुली बससाठी पैसे साठवतील, शिधा घरून आणतील. कुंपण मात्र त्यांना आणता येत नाही.

आणि त्या जागेत फार काही लागत नाही. मला पंख्याच्या खोल्या नकोत, कॅन्टीन तर नकोच. मुलींना तयार जेवण मिळालं की शिबिराचा निम्मा जीव जातो. काठ्या आणि सुतळी घेऊन भांड्यांची मांडणी त्यांनीच बांधावी. ती रात्री कोसळली तर सकाळी त्यांनीच पुन्हा बांधावी. पण पाणी भरपूर हवं. संडास पुरेसे हवेत, त्यांना कड्या हव्यात, आत बादली आणि झाकणाची कचरापेटी हवी. तिथपर्यंतच्या वाटेवर दिवा हवा. पाऊस आला तर सगळ्या मावतील अशी एक पडवी किंवा हॉल हवा. अपंग मुलीलाही चढता येईल असा एक उतार हवा. आणि फाटकाची किल्ली शिबिरप्रमुख बाईंच्या हातात हवी, गावातल्या कुणा दादांच्या खिशात नव्हे.

ह्यातलं बरंचसं आपल्या आसपास तयार आहे. दिवाळीच्या नि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांचे वर्ग कुलूपबंद असतात. लग्नसराई संपली की मंगल कार्यालयं रिकामी पडतात. कुणाचं शेतावरचं घर असतं, विहीर असते, आंब्याची सावली असते. तेव्हा मुख्याध्यापकांना, कार्यालयांच्या चालकांना आणि शेतमालकांना माझी विनंती आहे: ह्या सुट्टीत दोन रात्रींसाठी आपली जागा जवळच्या शाळेच्या गाईड पथकाला द्या. भाडं घ्यायचं तर थोडकं घ्या. आणि देण्याआधी संडासांच्या कड्या तेवढ्या तपासून घ्या.